मनिऑर्डरची पोच ते रात्रपाळीचा कॅमेरा

मागच्या व्याख्यानात आपण कोकण किनाऱ्यावरच्या आगबोटींचा इतिहास पाहिला. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका बाईंनी प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, बोटी सुटायच्या, पुरुष मुंबईला जायचे, हे सगळं कळलं. पण मागं राहिलेली म्हातारी माणसं आजारी पडली की त्यांचं कोण करायचं? प्रश्न साधा, उत्तर पाच मिनिटांत देण्यासारखं नाही. म्हणून आजचा तास त्यालाच द्यायचा असं ठरवलं. आंजर्ल्यात बसून हा विषय बोलणं सोपंही आहे आणि अवघडही, कारण समोर बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरात या क्षणी कुणी ना कुणी अंथरुणावर आहे आणि पडद्यावरून ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे आईवडील इथे आहेत.

आधी त्या बाईंच्या वाक्याकडेच बघू. ‘त्यांचं कोण करायचं.’ काय करायचं, ते त्या बोलल्या नाहीत आणि आपल्यापैकी कुणी विचारलंही नाही. ‘तिनं सासूचं शेवटपर्यंत केलं’ एवढं म्हटलं की मराठी माणसाला सगळं कळतं: भांडं देणं, पुसून घेणं, कूस बदलणं, पेज भरवणं, रात्री तीनदा उठणं. या कामाला आपण नाव दिलेलं नाही. काळजीचं मात्र उलट. ‘काळजी वाटणं’, ‘काळजी करणं’ आणि ‘काळजी घेणं’ असे तीन स्वतंत्र प्रयोग आपल्याकडे आहेत आणि कोणीही ते एकमेकांच्या जागी वापरत नाही. काळजी मुंबईत बसून करता येते, घ्यायला मात्र खाटेपाशी हात लागतात.

पाश्चात्त्य नीतिशास्त्रात हा भेद बराच उशिरा आला. जोन ट्रोंटो या अमेरिकन विदुषींनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात काळजीचे चार टप्पे मांडले: कुणाला तरी गरज आहे हे लक्षात येणं, तिची जबाबदारी उचलणं, प्रत्यक्ष सेवा करणं आणि ज्याची सेवा होते त्याचा प्रतिसाद. पुढे २०१३ च्या पुस्तकात त्यांनी आणखी एक कल्पना मांडली, ती आजच्या विषयाला फार उपयोगी आहे. समाज काही लोकांना सेवेच्या कामातून सूट देतो. जो कमावतो त्याला कमाईची सूट, जो लढतो त्याला रक्षणाची सूट. ‘माझा वाटा मी दुसरीकडे देतोय’ असं म्हणून तो मोकळा होतो. आपल्या किनाऱ्याचा गेल्या दीडशे वर्षांचा घरगुती इतिहास म्हणजे या सुटीचा इतिहास आहे, असं आम्हाला वाटतं. आणि ती सूट प्रत्येक वेळी कुठल्या ना कुठल्या यंत्रानं किंवा टपालाच्या कागदानं दिली आहे.

पहिला कागद पोस्टकार्डाचा. १८७९ साली पाव आण्याचं कार्ड हिंदुस्थानात सुरू झालं आणि १ जानेवारी १८८० पासून पोस्टानं मनिऑर्डर घ्यायला सुरुवात केली. मुंबईच्या गिरण्या वाढत होत्या आणि त्या गिरण्यांना हातांचा मोठा पुरवठा रत्नागिरी जिल्ह्याचा होता. तेव्हा रत्नागिरी म्हणजे आजचं सिंधुदुर्गही आलं. एक भाऊ गिरणीत, एक वाडीवर, बायका मागं. पुढे अर्थशास्त्रज्ञ कोकणाला ‘मनिऑर्डरवर जगणारा प्रदेश’ म्हणू लागले. मागं काय उरलं हे जनगणनेत दिसतं: रत्नागिरी जिल्ह्यात पुरुषांपेक्षा बायका कायम जास्त, २०११ सालीही हजार पुरुषांमागे ११२२. त्याच दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे सोळा लाख सत्त्याण्णव हजारांवरून सोळा लाख पंधरा हजारांवर उतरली.

मनिऑर्डरचा फॉर्म ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल. खाली निरोपाची चिंचोळी जागा असे, दोन ओळी जेमतेम मावत. ‘आईस औषध आणावे. तब्येत कळवावी.’ पैसे मिळाले की घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घेऊन एक तुकडा पाठवणाऱ्याकडे परत जाई. ती पोच. गिरणगावातल्या खोलीत, गाववाल्यांच्या ट्रंकेत या पोचपावत्या जपून ठेवलेल्या असत. का? हिशेबासाठी, हे एक कारण. दुसरं असं की ‘मी आईचं करतो आहे’ याचा तो लेखी पुरावा होता. भाऊबंदकीच्या भांडणात त्या काढून दाखवल्या जात. मागं जी बाई उठबस करत होती तिच्या कामाची पोच कुठल्याही पोस्टातून येत नव्हती. पैशाला सहीशिक्का होता, जागरणाला नव्हता. दूरच्याला सूट मिळाली ती इथे.

बातमीचं काय? कार्ड वेळेवर पोचलं तरी माणूस वेळेवर पोचेलच असं नाही. बोटी मे अखेरीला बंद होत त्या पावसाळा सरेपर्यंत. आगोट भरून झाली की गाव जगापासून तुटे, आणि म्हातारी माणसं नेमकी पावसाळ्यात दम्यानं, तापानं आडवी होतात. आंजर्ल्याला तर बंदरावरून यायला खाडीची तर ओलांडावी लागे. आज पूल आहे म्हणून ते आपल्या लक्षात राहत नाही. ज्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे ते घरात न नेता उभ्यानं वाचायचं, हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. पुढे तार आली. ‘मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली.’ तारेतलं सीरियस म्हणजे बहुधा संपलेलंच असतं, हेही सगळ्यांना ठाऊक. लोक त्या तारेवर रजा मागत आणि साहेब विचारी, गेली की आहे?

साने गुरुजींचं उदाहरण आपल्याच तालुक्यातलं आहे. पालगडला आई अंथरुणाला खिळलेली, मुलगा पुण्यात शिकायला. १९१७ साली ती गेली आणि तो घरी आला तेव्हा सगळं झालेलं होतं. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ते सगळं लिहून काढलं आणि महाराष्ट्र गेली नव्वद वर्षं त्यावर रडतो आहे. रडू मुलासाठी आणि आईसाठी येतं. पण ‘श्यामची आई’ पुन्हा वाचाल तेव्हा शेवटच्या प्रकरणांत उशाशी कोण आहे हे जरूर बघा. मावशी आहे. आपलं सगळं सोडून बहिणीचं करायला आलेली. तिच्या नावानं कुणी निबंध लिहायला सांगत नाही.

मधली वर्षं भराभर ओलांडू. स्वातंत्र्यानंतर आंतर्देशीय पत्र आलं, ट्रंक कॉल आला. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे त्याचे दर. ज्यांच्याकडे फोन नाही ते दुसऱ्याचा नंबर देत आणि पुढे ‘पी.पी.’ लिहीत. शेजाऱ्याचं पोर धावत येई, ‘काकू, मुंबईचा फोन!’ खाडीपलीकडच्या गावांतले तरुण आखातात गेले तेव्हा त्यांच्या घरी कॅसेटी येऊ लागल्या. मुलगा अर्धा तास बोलतो आहे आणि आई टेपरेकॉर्डरशी मान हलवून हो हो म्हणते आहे. १९८४ साली सी-डॉट स्थापन झालं, तिथे एकशे अठ्ठावीस लाइनींचं, वातानुकूलनाशिवाय चालणारं छोटं ग्रामीण एक्स्चेंज बनलं, आणि मग एस.टी.डी.चे पिवळे बूथ तालुक्यापासून गावापर्यंत आले. रात्री उशिरा दर उतरत म्हणून बूथबाहेर रांगा लागत. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. आपल्या तालुक्यात रूळ नाहीत, पण खेडला उतरून माणूस सकाळी निघाला तर संध्याकाळी घरी पोचू लागला. १४ जुलै २०१३ ला तार बंद झाली, २०१५ मध्ये जुनी कागदी मनिऑर्डर गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल सुरू झाला आणि आंजर्ल्यातली म्हातारी पुण्यात दिसू लागली. जे घडायला आधी शंभर वर्षं लागली त्याच्या कितीतरी पट गोष्टी या दोनतीन वर्षांत घडल्या.

इथे आता पुस्तकी इतिहास सोडून घरचा सांगावा लागेल, कारण याची नोंद पुराभिलेखागारात नाही. आमच्या आईला २०१८ मध्ये, एक्क्याण्णवाव्या वर्षी, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं राहिलं. धाकटा भाऊ आणि त्याची बायको आंजर्ल्यात, नारळ-पोफळीची वाडी सांभाळतात. आम्ही पुण्याला, एक भाऊ डोंबिवलीत, बहीण चिपळूणला, तिचा मुलगा न्यू जर्सीत. झटक्यानंतर आठवड्याभरात व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आई’ नावाचा गट तयार झाला. भावजय रोज संध्याकाळी वहीत रक्तदाब, साखर, दिलेल्या गोळ्या, शौचाला झालं की नाही हे लिही आणि पानाचा फोटो गटावर टाकी. खाली अंगठे उमटत. ही नवी पोच. फरक एवढाच की मनिऑर्डरची पोच पैसे पाठवणाऱ्याला मिळे. ही उलट्या दिशेनं निघाली. आता सेवा करणारीनं हिशेब द्यायचा आणि दूरच्यांनी तो तपासायचा.

तपासणी फार झाली. साखर एकशे नव्वद का? केळं दिलंत का? फिजिओथेरपी दोनदा हवी, हा व्हिडिओ पाहा. गादी बदला. डॉक्टर बदला. प्रत्येक सूचना प्रेमापोटी आणि प्रत्येक सूचनेनं खाटेपाशी एक काम वाढे. पूर्वी दूरच्याला काही दिसत नव्हतं, म्हणून त्याला बोलायलाही जागा नव्हती. आता त्याला सगळं दिसत होतं आणि हात मात्र होते तिथेच. हा प्रकार एकट्या आमच्या घरचा असता तर इथे सांगितला नसता. या गावातल्या पाच-सात घरांत विचारलं, सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच.

२०१९ च्या मार्चमधली गोष्ट. एका संध्याकाळच्या पानावर रक्तदाबाच्या रकान्यात दोन आकडे होते. वरचा एकशे तीस-ऐंशी. खालचा एकशे चौसष्ट-शंभर. चिपळूणच्या बहिणीनं फोन केला, ‘खालचा कुणाचा गं?’ भावजय म्हणाली, ‘माझा. सहज पट्टा बांधून पाहिला.’ ती तेव्हा साठीला टेकली होती. चार महिने सलग तीन तासांची झोप तिला मिळाली नव्हती, कारण आई रात्री उठायला जाई आणि पडण्याची भीती. तिनं स्वतःहून तक्रार केली नव्हती आणि बहुधा केलीही नसती.

त्यानंतर जे केलं ते सविस्तर सांगतो, कारण पडद्यावरच्या मंडळींना त्याचा उपयोग आहे. बहिणीनं दोन दिवस येऊन राहून कामांची यादी केली. चौतीस कामं निघाली! मग एकेका कामापुढे प्रश्न लिहिला: याला हात लागतात का? बाराएक कामांना लागत नव्हते. औषधं संपायच्या आत दापोलीच्या दुकानात सांगणं आणि पैसे भरणं, डॉक्टरांशी बोलणं, रिपोर्ट नीट लावून ठेवणं, पेन्शनसाठी हयातीच्या दाखल्याचं बघणं, रोज दुपारी आईशी अर्धा तास बोलणं, म्हणजे तेवढ्यात हिला आंघोळ करता येते. ही कामं नावानिशी वाटली. डॉक्टरांशी एकानंच बोलायचं, बाकीच्यांनी त्याला विचारायचं, भावजयीला नाही. गटावर सूचना टाकायची असेल तर त्यासोबत ‘हे मी करतो’ असं लिहायचं. ते लिहिता येत नसेल तर सूचनाही टाकायची नाही. हा नियम फार कडक वाटला काहींना. महिनाभरात गट शांत झाला.

रात्रीचं उत्तर मात्र न्यू जर्सीहून आलं. आपली रात्र ती तिथली दुपार. भाचा घरून काम करतो. त्यानं आईच्या खाटेकडे तोंड करून एक लहान कॅमेरा लावायला सांगितला, पाळण्यातल्या मुलांसाठी वापरतात तसला. रात्री अकरा ते पाच, आठवड्यातून पाच रात्री, त्याच्या संगणकाच्या कोपऱ्यात आजी दिसायची. ती उठायला लागली की तो भावजयीच्या फोनवर रिंग देई, नाहीतर देत नसे. भावजय शेजारच्या खोलीत दार लावून झोपू लागली. आठ हजार मैलांवरून रात्रपाळी! हे ऐकून लोक कौतुक करतात ते यंत्राचं. आमच्या मते कौतुकाची गोष्ट अशी की पहिल्यांदाच दूरच्या माणसानं काळजी करण्याऐवजी पहारा घेतला, ठरलेल्या तासांचा, आणि त्याचं माप म्हणजे दुसऱ्या एका बाईची झोप.

यात ज्याची सेवा होते त्याचं मत विचारायला हवं, ट्रोंटोंचा चौथा टप्पा तोच. आईला कॅमेरा आवडला नाही. ‘तो बघतोय?’ असं ती अडखळत विचारी. सकाळी कपडे बदलताना डाव्या हातानं पदर ओढून घ्यायची. मग भावजयीनं कॅमेऱ्यासाठी एक कापडी टोपी शिवली, लाल खणाची. पाच वाजले की टोपी चढवायची, आणि ती आईनं स्वतः पाहिल्याशिवाय पुढचं काही सुरू करायचं नाही. नातवाशी बोलायचं असलं की ती टोपी काढायची खूण करी. दोन्ही तिच्या हातात होतं, निदान तेवढं.

आणि मग २०२० आलं. मार्चअखेर टाळेबंदी, जिल्ह्याच्या हद्दी बंद, प्रवासाला ई-पास. कुणालाच येता येईना. तरी गट चालू होता, रात्रपाळी चालू होती. ३ जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. ताशी एकशे दहा-वीस किलोमीटरचा वारा. दापोली आणि मंडणगड तालुक्यांचं काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. हर्णै, आंजर्लं, केळशीच्या वाड्या आडव्या झाल्या. विजेचे खांब पडले, मोबाइलचे मनोरे मुके झाले, कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले.

पुण्यात, डोंबिवलीत, न्यू जर्सीत पडदे काळे झाले. भाचा तीन रात्री ते काळं चौकोनी खोकं उघडं ठेवून बसला होता. आणि इथे? अर्ध्या छपराची कौलं गेली. आईखाली हवेची गादी होती, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून विजेच्या पंपावर भरणारी. वीज गेली, गादी बसली. याचा अर्थ दर दोन तासांनी हातानं कूस बदलायची, दिवसरात्र. त्या वेळी जे झालं त्याला तंत्रज्ञान म्हणता येणार नाही, पण व्यवस्था मात्र होती. शेजारच्या दोन घरांतल्या बायकांनी पाळ्या लावल्या. त्यांच्या स्वतःच्या घरांवर पोफळी पडलेल्या होत्या. घड्याळ नव्हतं तिथे दिव्यातल्या तेलावर वेळ धरली. पैसे आमच्यापाशी होते आणि त्यांचा उपयोग शून्य होता; फोनवरून पैसे पाठवायला समोरच्या फोनला रेंज लागते.

चौथ्या दिवशी गावातला एक मुलगा पडलेल्या झाडांतून वाट काढत रेंज मिळेपर्यंत गेला. खिशात कागद, त्यावर अकरा घरांचे निरोप आणि नंबर. आम्हाला आलेला निरोप असा: ‘आई ठीक. छप्पर गेलं. पाठ कोरडी आहे. गोळ्या आठ दिवसांच्या.’ तारेची भाषा सात वर्षांपूर्वी सरकारनं बंद केली होती, ती त्या दिवशी पुन्हा वापरात आली. ‘पाठ कोरडी आहे’ या शब्दांचा अर्थ ज्यांनी कुणाचं केलं आहे त्यांना कळेल. गोळ्या पुढे दापोलीहून मदतीच्या गाडीतून आल्या. वीज तेविसाव्या दिवशी आली.

मधूनमधून लोक आम्हाला विचारतात की मग हे सगळं पोकळ आहे का, वादळात उडून जाणारं? तसं म्हणणं सोपं आहे आणि आमच्या वयाच्या माणसाला ते शोभतंही. पण चौदा महिने एका बाईला रात्रीची झोप मिळाली, ती पोकळ नव्हती. त्या झोपेच्या जोरावरच ती वादळातले तेवीस दिवस उभी राहिली, असं ती स्वतः म्हणते. खरी अडचण वेगळी आहे. शेजारच्या त्या दोन बायकांपैकी एक आता सत्तरीची आहे आणि दुसरीची दोन्ही मुलं मुंबईला. पुढच्या वादळात कूस बदलायला शेजारात कोण असेल, हा प्रश्न कुठल्याही गटावर कुणी टाकलेला दिसत नाही. पगारी बाई मिळते म्हणतात. चोवीस तास राहणारी बाई तालुक्याच्या गावातही मुश्किलीनं मिळते, मिळाली तरी तिचीही सासू घरी आजारी असते.

आई २०२१ च्या माघात गेली. वाडीच्या वाटणीचं बोलणं निघालं तेव्हा डोंबिवलीच्या भावानंच त्या वह्या मागवून घेतल्या. तीन आहेत, दोनशे पानी. त्यानं पहिली वही चार दिवस वाचली आणि म्हणाला, आधी हिच्या नावावर काय करायचं ते ठरवू, मग आपलं. कायद्यानं सुनेच्या सेवेला वाटा नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. बक्षीसपत्र करता येतं. ते केलं. नदीकडची पन्नास पोफळीची पट्टी आज तिच्या नावावर आहे. यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं असं नाही, आणि तो तपशील इथे सांगण्याचा आमचा अधिकार नाही.

वेळ झाली. चहा घेऊन प्रश्नांना बसू. खाडीपलीकडून आलेल्यांना आधी विचारू द्या, त्यांना शेवटची एस.टी. गाठायची आहे.